दोन खोकी आणि एकच ‘विणलेलं’

प्रश्न असा आला आहे: पुरुषांच्या अंतर्वस्त्रांच्या खोक्यांवरचा मजकूर मराठीत आणायचा आहे. एका खोक्यात सैल बॉक्सर आहे, त्यावर ‘वोवन, 100 टक्के कॉटन’ असं छापलंय. दुसऱ्यात अंगाला घट्ट बसणारी ब्रीफ, त्यावर ‘निटेड, 95 टक्के कॉम्ब्ड कॉटन, 5 टक्के इलॅस्टेन’. शब्दकोश उघडला तर वोवन म्हणजे विणलेलं आणि निटेड म्हणजेही विणलेलंच. मग दोन्ही खोक्यांवर एकच शब्द छापायचा का? शिवाय जर्सी, रिब, डेनियर, मोडाल या मंडळींचीही जमल्यास ओळख करून द्या, अशी पुरवणी जोडली आहे.

आधी कबुली देतो. असाच मजकूर एकदा माझ्याकडे आला होता आणि मी दोन्हीकडे ‘विणलेले’ लिहून मोकळा झालो होतो. मुद्रितं तपासणाऱ्याने समासात पेन्सिलीने एवढंच लिहिलं: ‘मग हे ताणतं आणि ते का ताणत नाही?’ उत्तर देता आलं नाही, तेव्हापासून हा विषय डोक्यात आहे.

आपलं ‘विणणे’ हे क्रियापद भलतंच ऐसपैस आहे. विणकर कापड विणतो, आजी स्वेटर विणते, बुरूड टोपली विणतो, कोळी जाळं विणतो, खाटसुद्धा विणली जाते. एकात एक अडकवून काही पसरट तयार केलं, की मराठीच्या दृष्टीने ते विणणं झालं. इंग्रजीत मात्र वीव्ह आणि निट यांची कुळं वेगळी. निट हा ‘नॉट’चा, म्हणजे गाठीचा, सख्खा भाऊ. आपल्याकडे अशी फाळणी झाली नाही, म्हणून कोशकाराचाही नाइलाज होतो.

फरक पाहायचा तर दोन्ही खोकी उघडा आणि कापड डोळ्यांजवळ धरा. बॉक्सरचं कापड उजेडासमोर धरलं की बारीक चौकटी दिसतील: उभे धागे आणि त्यांच्या वरखाली जाणारे आडवे धागे. उभे तो ताणा, आडवे तो बाणा. दोन्ही धागे सरळसोट जात असल्यामुळे कापड उभं ओढा की आडवं, ते दाद देत नाही. तिरपं ओढलं तर मात्र थोडं कुरकुरत लांबतं. आता ब्रीफ घ्या. तिच्या कापडाच्या सुलट बाजूला, भिंग असेल तर उत्तमच, इंग्रजी ‘व्ही’सारख्या खुणांच्या उभ्या रांगा दिसतील, बारीक बारीक वेण्या घातल्यासारख्या. उलट बाजूला अर्धचंद्रांच्या आडव्या ओळी. इथे ताणा नाही, बाणा नाही. एकच धागा वळसे घेत जातो आणि प्रत्येक वळसा खालच्या वळशातून ओढून काढलेला असतो. कापड ताणलं की हे वळसे आकार बदलतात, सोडलं की पुष्कळसे पूर्ववत होतात. म्हणजे ब्रीफ ताणली जाते ती मुळात विणीमुळे. 5 टक्के इलॅस्टेनचं, म्हणजे रबरासारख्या ताणणाऱ्या कृत्रिम धाग्याचं, काम ताणण्यापेक्षा परत जागेवर आणण्याचं जास्त आहे. पेन्सिलवाल्याला द्यायचं उत्तर हे होतं.

गंमत म्हणजे मराठीला हा फरक कळत नाही असं मुळीच नाही. तो ‘विणणे’ या शब्दात सापडत नाही, त्याच्या आजूबाजूच्या शब्दांत सापडतो. मागावरच्या कापडाच्या बाबतीत आपण ताणा लावतो, धोटा फेकतो. कापडाची कड मोकळी राहिली तर तिच्या दशा निघतात. फार वापरलं की ते विरतं. सुयांवरच्या विणकामात आपण टाके घालतो, टाके उचलतो, सुलट-उलट करतो, एखादा टाका निसटला की खालपर्यंत रांग सुटत जाते, आणि पसंत नाही पडलं तर सगळं उसवून पुन्हा गुंडा करतो. धोतर उसवून कुणी सुताचा गुंडा केल्याचं ऐकलंय का? स्वेटरच्या कडेला कुणी दशा म्हणेल का? शब्दकोशात ‘विणणे’ एकच असेल, पण विणल्यानंतरचं बोलणं दोघांचं वेगळं आहे.

ताण्याबाण्याचा विषय निघालाच आहे तर जाता जाता ‘ओतप्रोत’ बघा. आपण तो ‘काठोकाठ’ या अर्थाने वापरतो आणि मनात ‘ओतणे’ असतं. पण यातला ‘ओत’ आला आहे संस्कृतातल्या ‘वे’ म्हणजे विणणे या धातूवरून. बृहदारण्यक उपनिषदात गार्गी याज्ञवल्क्यांना विचारते की हे सगळं जर पाण्यात ओत आणि प्रोत आहे, तर पाणी कशात ओतप्रोत आहे? तिच्या डोळ्यांसमोर भरलेली घागर नाही, आडवंउभं विणलेलं वस्त्र आहे.

वोवन-निटेडची ही जी फट भाषेत राहिली होती, ती बाजाराने आपल्या पद्धतीने बुजवली. त्याने ‘होजियरी’ हा शब्द उचलला. होज म्हणजे पायमोजे. इंग्लंडमध्ये विल्यम ली यांनी 1589 मध्ये मोजे विणायचं यंत्र केलं, आणि टाक्यांची वीण हातातून यंत्रावर गेली ती मोज्यांपासूनच. पुढे त्या वीणीचं जे काही निघेल ते होजियरी, अशी आपल्याकडची व्याप्ती झाली. म्हणून ‘होजियरी कापड’ म्हटलं की दुकानदाराला लगेच कळतं की बनियनचं, ताणणारं, मऊ कापड हवंय. मोज्यांचा मात्र कुणाच्या मनात विचारही येत नाही.

‘जर्सी’ हे अशाच साध्या, एकेरी वीणीच्या कापडाचं नाव. वर सांगितलेली एका बाजूला वेण्या, दुसऱ्या बाजूला चंद्रकोरी अशी जी वीण, तीच ही. कापून टेबलावर ठेवलं की या कापडाच्या कडा आपोआप गुंडाळल्या जातात. नव्या शिंप्याला रडवणारं हेच ते. नाव आलं इंग्लिश खाडीतल्या जर्सी बेटावरून. तिथलं लोकरी विणकाम प्रसिद्ध होतं. त्याच्या शेजारी गर्न्सी नावाचं बेट आहे, तिथल्या कोळ्यांचा विणलेला जाड सदरा म्हणजे ‘गर्न्सी फ्रॉक’. मोठ्याने म्हणून पाहा. जुन्या पिढीच्या तोंडी असलेला ‘गंजीफ्रॉक’ तो हाच! पुरुषांच्या कपड्यात फ्रॉक कसा, हे कोडंही इथेच सुटतं, कारण तेव्हा फ्रॉक म्हणजे पुरुषांचा ढगळ अंगरखाही असे. दोन्ही बेटांच्या नावाच्या गाई जगभर आहेत, ती गोष्ट वेगळी. ‘बनियन’चा प्रवास तर याहून उलटासुलटा: वाणी या अर्थाचा गुजराती शब्द पोर्तुगिजांमार्फत इंग्रजीत गेला, तिथे व्यापाऱ्याचा आणि मग एका सैल अंगरख्याचा वाचक झाला, आणि पुढे बाही नसलेला होऊन आपल्या अंगावर परत आला.

रिब म्हणजे बरगडी. सुलट टाक्यांची एक उभी रांग वर, उलट टाक्यांची आत, असं आलटून पालटून केलं की कापडावर बरगड्यांसारख्या उभ्या रेघा उठतात आणि आडवा ताण पुष्कळ वाढतो. स्वेटरच्या मनगटाला असते तीच वीण. इंटरलॉक म्हणजे दोन रिब एकमेकींत अडकवलेल्या: दोन्ही बाजूंनी सारखं दिसतं, जरा जाड असतं आणि कडेला गुंडाळत नाही.

आता दुसऱ्या खोक्यावरचा ‘कॉम्ब्ड’. याला मी ‘कंघी केलेला’ असंही भाषांतर पाहिलंय आणि कपाळावर हात मारलाय. मराठीत इतका नेमका शब्द पडून असताना! कापसातली सरकी काढली, तो पिंजला, की तंतू मोकळे होतात. सगळ्याच सुती धाग्यांत ही पायरी असते. त्यानंतर चांगल्या धाग्यासाठी तो विंचरतात, म्हणजे बारीक दातांच्या फण्यांतून नेऊन आखूड तंतू काढून टाकतात आणि लांब तंतू एका दिशेला आणतात. आखूड तंतूंची टोकं धाग्याबाहेर आली की कापडाला लव येते, अंगाला टोचतं, घासून घासून गोळे धरतात. केस पिंजारलेले आणि केस विंचरलेले यांतला फरक ज्याला कळतो त्याला कार्डेड आणि कॉम्ब्ड समजावून सांगायची गरज नाही. मर्सराइज्ड हा त्याच्या पुढचा सोपस्कार, जॉन मर्सर या इंग्रज रसायनज्ञाच्या नावाचा. त्यांनी 1850 मध्ये पेटंट घेतलं: सुताला कॉस्टिक सोड्याच्या तीव्र द्रावणातून काढायचं. मर्सर यांना रंग चांगला धरतो हे दिसलं होतं. आज आपण ज्या चकाकीसाठी हे नाव घेतो, ती मात्र सूत ताणून धरून ही प्रक्रिया करायची कल्पना 1890 च्या सुमारास पुढे आली तेव्हापासूनची.

आकड्यांत लोक हमखास फसतात, कारण दोन मोजमापं उलट्या दिशेने चालतात. सुताचा ‘काउंट’, बोलीत नंबर, म्हणजे एका पौंडात 840 वारांच्या किती लड्या बसतात ते. 40 नंबरी सूत असेल तर 40 लड्या, म्हणजे 33,600 वार, जवळजवळ 31 किलोमीटर धागा फक्त एका पौंडात. नंबर वाढला की धागा बारीक. डेनियर उलटा: 9,000 मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. आकडा वाढला की धागा जाड. मायक्रोफायबर म्हणतात त्यातला एकेक तंतू एका डेनियरहून बारीक, म्हणजे नऊ किलोमीटरला एक ग्रॅमसुद्धा भरत नाही. डेनियर हे मुळात फ्रेंच नाण्याचं नाव, ते लॅटिन ‘डेनारियस’वरून आलं, आणि आपला ‘दिनार’ही त्याच टाकसाळीतला. जीएसएमबद्दल फार बोलायला नको. चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन, इतकंच.

मोडालबद्दल मात्र बोलायला हवं, कारण ‘मोडाल कॉटन’ असं वाचून पुष्कळांना ती कापसाची एखादी उंची जात वाटते. मोडाल कापसाचा नव्हे, लाकडाचा. बीच नावाच्या झाडाचा लगदा विरघळवून, बारीक छिद्रांतून ढकलून त्याचे तंतू करतात. व्हिस्कोसच्या, म्हणजे रेयॉनच्या, घरातलाच हा धाकटा भाऊ, ओला झाल्यावर थोरल्यापेक्षा जास्त ताकद राखणारा. ‘व्हिस्कोस’ हे नाव इंग्लंडमध्ये 1892 मध्ये ही पद्धत निघाली तेव्हाच्या काकवीसारख्या दाट, चिकट द्रावणावरून पडलं. खोक्यावर मोडाल आणि कॉटन दोन्ही असतील तर मध्ये ‘आणि’ लिहा, म्हणजे कुणाची फसगत होणार नाही. ‘बांबू’ची गोष्ट तशीच. कळकाच्या लगद्यापासून व्हिस्कोसच्या पद्धतीने काढलेला धागा हा व्हिस्कोसच. कळक त्यात शोधून सापडत नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2009 मध्ये विक्रेत्यांवर कारवाई करून ‘बांबूपासून केलेलं रेयॉन’ असंच लिहायला लावलं. मराठीतही तसंच लिहावं, उगाच ‘वेळूचं वस्त्र’ लिहून काव्य करू नये.

इलॅस्टेन, स्पँडेक्स आणि लायक्रा ही तीन वस्तूंची नावं नाहीत. पहिलं युरोपात चालणारं, दुसरं अमेरिकेत चालणारं, तिसरं व्यापारी नाव. 1958 मध्ये ड्यूपाँ कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी हा तंतू तयार केला. स्पँडेक्स हे नाव इंग्रजी ‘एक्सपँड्स’ची अक्षरं उलटीपालटी करून बनवलंय. ‘लायक्रा’ हे व्यापारी नाव असल्यामुळे दुसऱ्या कंपनीच्या खोक्यावर ते सरसकट लिहू नका, इलॅस्टेन ठेवा.

प्रश्नात नसलेला एक शब्द माझ्याकडून. अशा खोक्यांवर ‘मॉइश्चर विकिंग’ असतंच, आणि त्याचं मराठी हटकून ‘ओलावा शोषणारे’ असं होतं. हे जवळजवळ उलट आहे. शोषतो तो कापूस: साध्या हवेत, हाताला कोरडा लागत असतानाही त्याच्या वजनाच्या सुमारे 8.5 टक्के पाणी त्याने आत घेतलेलं असतं. पॉलिएस्टरच्या बाबतीत हा आकडा 0.4 टक्के आहे. पॉलिएस्टर पाणी पोटात घेत नाही, तंतूंच्या मधल्या फटींतून ते पुढे सरकवतं आणि कापडाच्या बाहेरच्या अंगाला पसरवतं, तिथे ते उडून जातं. आणि ‘विक’ म्हणजे काय, तर दिव्याची वात. तेल वातीतून वर चढतं तसा घाम चढतो. ‘वातीसारखा घाम बाहेर काढणारं’ असं लिहिलं तर थोडं लांबतं, पण खरं ठरतं. जागा कमी असेल तर ‘घाम बाहेर नेणारं’.

आता मूळ प्रश्नावर. निटेडला ‘गुंफलेलं’ म्हणावं अशी एक सूचना मी ऐकली आहे. मला ती पटत नाही. गुंफलं म्हटलं की फुलं आणि वेण्या आठवतात. ‘होजियरी’ बोलण्यात चालतं, छापायलाही हरकत नाही, पण मराठीच हवं असेल तर मी ‘सुईविणीचं’ म्हणेन. कारखान्यात कुठली आली सुई, असं कुणी विचारेल. पण तिथे सुयाच असतात, एका गोल यंत्रावर शेकड्यांनी, कधी हजारांनी. त्यांच्या टोकाला आकडी असते आणि आकडीवर उघडझाप करणारी छोटी जीभ. मॅथ्यू टाउनसेंड यांनी 1849 मध्ये पेटंट घेतलेली ही सुई आजही ब्रीफचं कापड विणते. तेव्हा शब्द अगदी अक्षरशः खरा आहे.

म्हणून पहिल्या खोक्यावर: ‘मागावर विणलेलं, 100 टक्के सुती’. दुसऱ्यावर: ‘सुईविणीचं, 95 टक्के विंचरलेला कापूस, 5 टक्के इलॅस्टेन’. ‘विंचरलेला’ पाहून समासात पेन्सिल उमटेल. उमटू द्या, शब्द बदलू नका.