कोपार्टवरची सॅल्व्हेज टायटलवाली कॅमरी घेऊन स्वतः रिपेअर करणं परवडतं का?

तुम्ही ह्यूस्टनला राहता, कोपार्टवर (अपघाती गाड्यांचं ऑनलाइन ऑक्शन) 2019 ची कॅमरी पाच हजार डॉलरच्या आसपास दिसतेय, समोरून ठोकलेली, आणि क्लीन टायटलवर (मालकीच्या कागदावर सॅल्व्हेजचा शिक्का नसेल तर) तीच गाडी तिप्पट किमतीला जाते, मग घ्यावी का असं विचारलंय. पाना स्वतःच्या हातात असेल तर परवडतं. बॉडी शॉपला देऊन करून घेणार असाल तर नाद सोडा.

कसं ते सांगतो. इन्शुरन्सवाले गाडी टोटल करतात, म्हणजे दुरुस्ती परवडत नाही म्हणून सोडून देतात, ती हिशोबावर. टेक्सासचा नियम असा की दुरुस्तीचा खर्च (रंगकाम सोडून) गाडीच्या अपघाताआधीच्या किमतीपेक्षा जास्त झाला की टायटलवर ‘सॅल्व्हेज’चा शिक्का, न्यूयॉर्कमध्ये तो किमतीच्या 75 टक्क्यांनाच बसतो. पण हा खर्च काढतात तो शॉपचा ताशी रेट आणि बरेचसे नवे पार्ट धरून. तुम्ही त्याच रंगाचं बॉनेट जंकयार्डमधून आणलंत, फेंडर, हेडलाइट वापरलेले घेतलेत आणि शनिवार-रविवार स्वतः राबलात तर मधे जो फरक उरतो तेवढाच तुमचा फायदा, दुसरा कुठलाच नाही, कारण त्याच ऑक्शनला रोज हाच धंदा करणारे रिबिल्डर आणि एक्सपोर्टवाले बसलेले असतात, ते काय तुम्हाला गाडी फुकटात सोडणारेत का.

लिस्टिंगमध्ये ‘रन अँड ड्राइव्ह’ लिहिलेलं असतं त्यावर भुलू नका. यार्डात आली तेव्हा स्टार्ट झाली, गिअर पडला आणि जरा पुढे सरकली एवढाच त्याचा अर्थ. मी फोटोत आधी स्टिअरिंगचा मधला भाग आणि पॅसेंजरसमोरचा डॅशबोर्ड बघतो. एअरबॅग उडाल्या असतील तर नुसत्या बॅगा बदलून भागत नाही, डॅश, एअरबॅगचं मॉड्यूल, बेल्टचे प्रीटेन्शनर (धडकेत बेल्ट आवळणारे) सगळं लागतं, आणि इथेच लोक ऑनलाइन स्वस्तातली बॅग शोधायला लागतात. कृपा करून असलं काही करू नका. अपघातानंतर बसवलेल्या असल्या स्वस्त बनावट इन्फ्लेटरनी (बॅग फुगवणारा भाग) माणसं मेली आहेत, 2024 मध्ये एनएचटीएसए या अमेरिकेच्या रस्तेसुरक्षा खात्यानेच तसा इशारा काढला होता. माझा नियम म्हणजे बॅग उडालेली असेल तर पुढची लिस्टिंग.

यार्डात जाऊन बघता येत असेल तर नक्की जा. चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. बेल्ट जॅम असेल तर प्रीटेन्शनर फुटलाय, आणि अगदी आतल्या टोकाला वाळलेल्या चिखलाची रेघ दिसली तर गाडी पाण्यात होती, मग बाहेरून कितीही चकाचक असो. सीटचे बोल्ट गंजलेत का, स्पेअर टायरच्या खड्ड्यात माती आहे का तेही बघा. ह्यूस्टनवाल्यांना 2017 चं हार्वे वादळ वेगळं सांगायला नको, पण पुराच्या गाड्या राज्यं बदलत टायटलवरचा शिक्का धुऊन फिरतात, त्यामुळे दुसऱ्या राज्यातून आलेलं टायटल असेल तर जास्त खोदा, एनएमव्हीटीआयएसचा (गाड्यांच्या टायटलची देशभरातली सरकारी नोंद) रिपोर्ट थोड्या डॉलरमध्ये मिळतो, तो काढा. ठोकलेली गाडी दुरुस्त होते, बुडालेली होत नाही, वायरिंगचे कनेक्टर आतून हिरवे पडत जातात आणि डॅशवर रोज नवीन वॉर्निंगचा दिवा लागतो.

समोरून ठोकलेल्या कॅमरीत अजून एक गंमत. पुढच्या बाजूच्या टोयोटाच्या लोगोमागे समोरच्या गाडीवर नजर ठेवणारं रडार असतं. लोगो फुटला म्हणून साधा प्लॅस्टिकचा आणून चिकटवला तर रडारला नीट दिसत नाही, आणि बरोबर पार्ट लावला तरी कॅलिब्रेशन (रडार अचूक जुळवणं) लागतं, ते घरच्या गॅरेजमध्ये होणारं काम नाही, त्याचे पैसे आधीच धरा. बॉनेट आणि फेंडरमधली फट दोन्हीकडे सारखी नसेल किंवा दरवाजा उघडताना फेंडरला घासत असेल तर चॅसिसचे रेल वाकलेत समजा, ते मशीनवर ओढावे लागतात.

नुसत्या बिडच्या आकड्यावर जाऊ नका, त्यावर बायर फी, गेट फी, लायसन नसल्यामुळे ब्रोकर लागला तर त्याची फी, टो, सगळं मिळून पाच हजाराच्या गाडीवर हजार सहज चढतात. वेळेत उचलली नाही तर स्टोरेज रोज वाढतं.

आणि टायटलचा शब्द नीट वाचा. सॅल्व्हेज असेल तर रस्त्यावर परत आणता येते, टेक्सासमध्ये नॉनरिपेअरेबल असेल तर कधीच नाही, ती फक्त पार्टसाठी, कितीही छान बनवलीत तरी. सॅल्व्हेजवर असताना चालवायची नाही. काम झालं की व्हीटीआर-61 फॉर्म भरून काउंटी टॅक्स ऑफिसात द्यायचा, 65 डॉलर रिबिल्ट (दुरुस्त करून परत रस्त्यावर आणलेली) फी वेगळी. काय काय बदललं आणि कुठून आणलं ते फॉर्ममध्ये विचारतात, म्हणून जंकयार्डवाल्याकडून पावतीवर पार्ट ज्या गाडीचा आहे तिचा व्हीआयएन (चॅसिस नंबर) लिहूनच घ्या.

टायटलवर ‘रिबिल्ट सॅल्व्हेज’ कायम राहतं. विकताना 20 ते 40 टक्के कमीच येणार, तेव्हा वर्षभरात विकायचा विचार असेल तर सगळा हिशोब उलटा होतो, गाडी पिळून निघेपर्यंत चालवायची असेल तर ठीक. बिड करायच्या आधी तुमच्या इन्शुरन्सला फोन करून विचारा की रिबिल्टवर कोलिजन (धडकेत आपल्या गाडीच्या नुकसानीचं कव्हर) देता का, बरेच जण फक्त लायबिलिटी (समोरच्याच्या नुकसानीचं) देतात.

ऑक्शनमधल्या त्या गाडीची लिंक कमेंटमध्ये टाका, रेडिएटर सपोर्टचा (रेडिएटर धरणारी पुढची चौकट) जवळून काढलेला फोटो असेल तर बघून सांगतो.