सीसीटीव्हीच्या माइकमध्ये रात्री सतत घूंऽऽ आवाज येतो, माइक बदलूनही जात नाही. काय करावं?

नवा माइक लावूनही तोच आवाज येतोय म्हणजे माइक ठीक आहे. आता तिसरा विकत घेऊ नका.

घूं रात्री येतं, हे तुम्ही लिहिलंत ते फार कामाचं आहे. अंधार पडला की कॅमेऱ्यातले इन्फ्रारेड एलईडी (अंधारात दिसण्यासाठीचे दिवे) पेटतात आणि कॅमेरा जास्त करंट ओढतो. माइक आणि कॅमेरा एकाच १२ व्होल्टच्या एसएमपीएसवर (कॅमेऱ्यांना वीज देणारा पत्र्याचा डबा) असतील, दोघांच्या काळ्या (निगेटिव्ह) वायरी एकत्र पिळलेल्या असतील, तर कॅमेऱ्याच्या करंटची खळबळ माइकच्या आवाजात उतरते. मी गोव्यात डिचोली-फोंडा भागात कॅमेरे बसवतो. जुन्या कौलारू घरांत बाल्कांवापासून (घरापुढच्या बसायच्या ओट्यापासून) आतल्या खोलीपर्यंत बारीक वायर लांबवर ओढलेली असते, तिथे ही तक्रार हमखास येते.

आधी डीव्हीआरच्या (रेकॉर्डिंगच्या डब्याच्या) मागचा माइकचा आरसीए जॅक (आवाजाची गोल पिन) काढा. तरीही घूं चालूच राहिलं तर दोष डीव्हीआर किंवा टीव्हीकडे आहे. थांबलं तर माइकच्या लाइनमध्ये. मग माइकची लाल-काळी जोडी एसएमपीएसवरून सोडवून १२ व्होल्टच्या लहान बॅटरीवर लावा आणि रात्रीच ऐका. आवाज स्वच्छ आला तर माइकला स्वतंत्र १२ व्होल्टचा अडॅप्टर द्या, अर्ध्या अँपिअरचा भरपूर झाला. बहुतेक घरांत काम इथेच संपतं.

बॅटरीवरही घूं राहिलं तर केबल कुठून गेलीय ते बघा. लाइट-पंख्याच्या वायरींबरोबर एकाच पट्टीतून नेली असेल तर घरातल्या विजेची ५० हर्ट्झची घरघर तिच्यात शिरणारच. माइकला शील्डवाली (आत तारेची जाळी असलेली) केबल घाला, मेनच्या वायरीपासून फूटभर लांब ठेवा, आणि ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा. केबलही नीट असेल तर डीव्हीआरपाशी ग्राउंड लूप आयसोलेटर (आवाजाच्या वायरीत लावायची, घूं अडवणारी छोटी डबी) लावून बघा.

बाहेरचे जोड उघडून बघायला विसरू नका. समुद्राजवळ तर हे आधी करा. नुसती टेप गुंडाळलेला जोड पावसाळ्यानंतर सोडला की आत तांबं हिरवं पडलेलं असतं, कधी टेपमधून पाणीही गळतं. तेवढी वायर कापून नवा जोड द्या आणि तो बंद डब्यात ठेवा.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. कुणी म्हणेल, डीव्हीआर-एसएमपीएसच्या थ्री-पिनमधली अर्थची पिन काढा, घूं जाईल. जाईलही कदाचित, पण ती काढू नका. एसएमपीएसचा पत्र्याचा डबा त्या अर्थमुळेच सुरक्षित असतो. आत बिघाड झाला आणि अर्थ नसला तर त्याच डब्यात करंट उतरतो. आपल्याकडे चार महिने भिंती ओल्या असतात, घरात मुलं असतात. उलट अर्थ नीट आहे ना, ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. जांभ्याची जमीन एप्रिल-मेमध्ये पार कोरडी पडते आणि अर्थ कमजोर होतो, म्हणून त्या दिवसांत अर्थच्या खड्ड्यात पाणी घालत राहा.

लाइट गेल्यावरच आवाज वाढत असेल तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा (साइन वेव्हचा नसलेला, साधा) आहे का बघा, तोही असा करतो.

बॅटरीवर लावून काय ऐकू आलं ते खाली लिहा, म्हणजे पुढचं नेमकं सांगता येईल.