वाळवंटातला बर्फ आणि जावईबापूंचा हिशेब

प्रश्न : मुलगी-जावई दुबईत असतात. नऊ वर्षांचा नातू तिथल्या मॉलमधल्या 'स्की दुबई'त दर शनिवारी स्कीइंग शिकतो. बाहेर पंचेचाळीस अंश आणि आत बर्फ, हे मला काही पचत नाही. जावई म्हणतात, बर्फासाठी विमानाने स्वित्झर्लंडला जाणं याहून वाईट. (गेल्या डिसेंबरात तिथंही जाऊन आले!) कोण बरोबर?
— एक आजी, कोथरूड

उत्तर : ताई, माझी तीस वर्षं शीतगृहांत गेली, त्यामुळे तुमचा प्रश्न वाचून आधी डोळ्यांसमोर आलं ते दार. पिंपळगावकडच्या एका शीतगृहात दाराची रबरी पट्टी वीतभर फाटली होती. तेवढ्यातून शिरलेल्या दमट हवेचं कॉईलवर, म्हणजे खोली गार करणाऱ्या नळ्यांवर, इतकं हिव जमलं, की पंख्याची हवाच पुढे जाईना. कॉम्प्रेसर मात्र रात्रभर धापा टाकत होता. आणि ती तर द्राक्षांची खोली, शून्याच्या आसपासची.

स्की दुबई २००५ सालची. साडेबावीस हजार चौरस मीटर जागा, सर्वांत लांब उतार ४०० मीटरचा. दिवसा आत उणे एक-दोन अंश; रात्री तापमान आणखी उतरवून पाण्याच्या फवाऱ्यातून नवा बर्फ पाडतात. पण बर्फ पाडला की काम संपलं, असं नसतं. भिंतींतून, दिव्यांतून, घामाघूम झालेल्या पोरांच्या अंगातून उष्णता येतच राहते आणि ती वर्षभर बाहेर फेकावी लागते. दुबईची वीज अजून मुख्यतः नैसर्गिक वायूवर होते. तेव्हा तुमचा राग अनाठायी नाही.

आता जावईबापू. दुबई ते झुरिक जाऊन-येऊन साडेनऊ हजार किलोमीटर. ढोबळ हिशेबाने माणशी पाऊण टनाच्या वर कार्बन डायऑक्साइड. मुद्दा खरा आहे. पण स्की दुबईच्या हॉलमुळे ती वारी वाचली असती तर! इथे उलटंच झालंय. ४०० मीटरवर पाय स्थिरावले की पोराला मोठा डोंगर हवासा वाटणारच. हॉल ही डोंगराऐवजीची सोय राहिली नाही, डोंगराची शिकवणी झाली. तेव्हा दोन्ही खर्च त्यांच्याच खात्यात मांडा.

डोंगरावरचा बर्फ फुकटचा, हा समज मात्र तुम्हीही सोडा. बीजिंगच्या २०२२च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये जवळपास सगळा बर्फ यंत्राचा होता. एक घनमीटर पाण्यातून दोन-अडीच घनमीटर बर्फ होतो, आणि ते पाणी उपसायचं ऐन हिवाळ्यात, ओढे रोडावलेले असताना. त्यासाठी वर तळी खणतात. आपल्या उत्तराखंडातल्या औलीतही बर्फाच्या यंत्रांसाठी असं तळं केलंय. दाबून बसवलेला यंत्राचा बर्फ उशिरा वितळतो आणि खालच्या गवताला कोंब फुटायला वेळ लागतो. हॉलचा खर्च निदान मीटरवर दिसतो. गवताचं बिल कोणी पाठवत नाही.

माझं मत विचाराल तर हॉल दुबईकरांनी महिन्यातून एकदा वापरावा आणि स्वित्झर्लंड सोडावं. नातू सुट्टीत पुण्याला येतोच ना? मग त्याला गुलमर्गला न्या, पण श्रीनगरचं विमान धरू नका. मुंबईहून ते अंतर दुबईपेक्षा फारसं कमी नाही. पुण्याहून झेलम एक्सप्रेसने जम्मू, तिथून कटरा, आणि जून २०२५पासून कटरा ते श्रीनगर वंदे भारत आहे.

फक्त बर्फाची चौकशी करून निघा. जानेवारी २०२४मध्ये गुलमर्गचे उतार उघडे पडले होते, आणि २०२५च्या फेब्रुवारीत बर्फाअभावी खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा पुढे ढकलाव्या लागल्या. म्हणून फेब्रुवारीच्या मध्याचं तिकीट काढा आणि दशम्या जास्त बांधा. झेलमला उशीर होतो.