दमा कुणाकडून आला?

"मॅडम, माझ्यामुळे झालं का?" दर थंडीत ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या माझ्या खोलीत हा प्रश्न येतोच. बहुतेक वेळा विचारणारी आई असते.

गेल्या वर्षीच्या सात वर्षांच्या मुलाची आई मात्र गप्प होती. आजीच बोलत होत्या. "आमच्या घराण्यात दमा नाही. हिच्या माहेरचंच असणार." मी मुलाला एकट्याला बसवत नाही, सगळं घर समोर घेते. तिसऱ्या भेटीत आजींनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. वडिलांनी खिशातून दम्याचा निळा पंप काढला आणि टेबलावर ठेवला.

"आई, आठवीपासून घेतोय मी. लग्न जमवताना तूच म्हणालीस, सांगू नकोस."

बायको म्हणाली, "मला पहिल्याच थंडीत कळलं होतं."

मी काही बोलले नाही. अशा वेळी बोलायचं नाही, हे शिकायला मला बरीच वर्षं लागली. मुलगाही शाळेत पंप का लपवतो, ते मला तेव्हा उमगलं.

जीन्सचा वाटा खरा आहे. सतराव्या गुणसूत्रावरचा एक भाग २००७ पासून बालदम्याशी जोडला जातो. पण जीन्स सारखे असलेल्या जुळ्यांतही एकाला दमा असतो, दुसऱ्याला नसतो. वारशाने येतो तो नाजूकपणा. त्याला डिवचते हवा. आणि ग्वाल्हेरची हवा! २०१६ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत सूक्ष्म धूलिकणांत आपलं शहर जगात दुसरं होतं. हे कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाहूनही बारीक, थेट फुप्फुसात खोल उतरतात, श्वासनलिका सुजवतात.

शहराची हवा आपल्या हातात नाही, घरातली थोडीफार आहे. मी त्यांना खोकल्याची वेळ लिहायला सांगितली. वहीत दोन आठवडे बहुतेक नोंदी संध्याकाळी सातनंतरच्या, म्हणजे दारं लावून देवघरात ऊद जाळल्यानंतरच्या. थंडीत सिगडीही तिथेच. आजींचा चेहरा पडला. "म्हणजे आता मी?" दोष नुसता या खुर्चीवरून त्या खुर्चीवर गेला होता; मला तो खोलीबाहेर हवा होता. म्हटलं, "आजी, धुराला घराणं नसतं."

आयांनो, रोजचा प्रतिबंधक पंप बरं वाटलं म्हणून मनाने बंद करू नका. त्याची सवय लागत नाही.

ऊद आता गच्चीवर तुळशीपाशी असतो. बाप-लेक सकाळी आरशासमोर मिळून पंप घेतात. सासू-सुनेचं बोलणं अजून बेताचंच आहे.