रस्त्याला किंवा पुलाला स्थानिक माणसाचं नाव देऊन काय साधतं? लोक तर जुनंच नाव वापरतात.

साधतं, पण नावामागचं काम लोकांना कळलं तर.

मुंबईतला एल. जे. रोड घ्या. रोज हजारो लोक बसमध्ये 'एल. जे. रोड' म्हणून तिकीट मागतात. एल. जे. म्हणजे लेडी जमशेटजी, म्हणजेच सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी अवाबाई. माहीम आणि वांद्र्याच्या मध्ये खाडी होती आणि पलीकडे जायला नावेशिवाय मार्ग नव्हता. कंपनी सरकार पैसे देईना, तेव्हा या बाईंनी पदरचे सुमारे 1 लाख 57 हजार रुपये दिले आणि 1845 मध्ये माहीम कॉजवे पूर्ण झाला. त्या काळात ही रक्कम केवढी मोठी होती! आणि आज त्यांच्या नावाची दोन अक्षरं उरली आहेत, तीही इंग्रजी आद्याक्षरं. मला याचं फार वाईट वाटतं.

जुनं नाव टिकतं हे खरंच. पुण्यातला संभाजी पूल आजही सगळ्यांच्या तोंडी लकडी पूलच आहे, आणि मुंबईत सेनापती बापट मार्गाला कित्येक जण अजून तुळशी पाइप रोड म्हणतात. सवय पाटीने बदलत नाही.

म्हणून तुमच्या गावात असा प्रस्ताव येणार असेल, तर नगरसेवकाकडे एक मागणी नक्की करा: नावाखाली दोन ओळी हव्यात, माणूस कोण होता आणि त्याने इथे काय केलं. शक्यतो नव्या, बिननावाच्या रस्त्याला किंवा पुलालाच नाव द्या. तिथे ते पहिल्या दिवसापासून रुळतं.