आजेसासऱ्यांनी अमेरिकेहून आणलेलं १९०४ सालचं वीस डॉलरचं सोन्याचं नाणं कपाटात सापडलं. सोनार वजनावर भाव देतोय आणि पॉलिश करून देतो म्हणतोय. काय करावं?

पॉलिशला आधी नाही म्हणा. नाणं विकायचं की ठेवायचं ते मग ठरवू. मी न्यू जर्सीत राहतो आणि गेली बारा वर्षं ही नाणी जमवतोय. चांगल्या नाण्यांची वाट लागलेली मी पाहिली आहे ती बहुतेक वेळा घासण्यानेच.

वजनाचा हिशोब सोपा आहे. नाणं ३३.४३६ ग्रॅमचं, त्यात ९० टक्के सोनं आणि बाकी तांबं. म्हणजे सुमारे ३०.०९ ग्रॅम शुद्ध सोनं, कस २१.६ कॅरेट. नाणं खरं असेल तर त्या दिवशीच्या भावाने एवढ्या सोन्याचे पैसे यायलाच हवेत. कोणी त्याहून बरंच कमी सांगितलं तर सरळ उठून या.

आता नाणं उलटं करा. गरुडाच्या शेपटीखाली बारीक 'एस' असेल तर ते सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीचं, काहीच नसेल तर फिलाडेल्फियाचं. १९०४ साली वीस डॉलरची नाणी या दोनच ठिकाणी पाडली गेली. एकट्या फिलाडेल्फियात ६२ लाखांहून जास्त! त्यातली बरीच युरोपातल्या बँकांच्या तिजोऱ्यांत पडून होती, त्यामुळे १९३३ नंतर अमेरिकेत सोन्याची नाणी वितळवली गेली तेव्हा ती वाचली. म्हणून खरं तेच सांगतो, तुमचं नाणं दुर्मीळ नाही. याच जातीचं १८७० सालचं 'सीसी' अक्षरांचं, म्हणजे कार्सन सिटीचं नाणं फक्त ३,७८९ पाडलं होतं. ते झिजलेलं असलं तरी लाख डॉलरच्या वर जातं.

तुमच्या नाण्याला सोन्यापेक्षा जास्त काय मिळेल, ते त्याच्या अवस्थेवर आहे. जाणकार १ ते ७० अशी श्रेणी देतात आणि वरच्या टोकाला एकेका अंकाने किंमत बदलते. नाणं कडेने धरून दिव्याखाली हळूहळू तिरकं करा. न वापरलेल्या नाण्यावर उजेडाचा पट्टा चाकाच्या आऱ्यासारखा गोल फिरतो. लिबर्टीच्या, म्हणजे नाण्यावरच्या स्त्रीमुखाच्या, गालावर ओरखडे दिसले तर घाबरू नका, बँकेच्या पिशवीत नाणी एकमेकांवर आपटून ते पडतात.

घासलेल्या नाण्यावर मात्र हा पट्टा फिरत नाही. माझ्याकडे १८९९ चं दहा डॉलरचं नाणं आहे. एका प्रदर्शनात घेतलं तेव्हा ते आरशासारखं चमकत होतं. घरी भिंगाखाली धरलं तर लिबर्टीच्या मानेवर केसाहून बारीक रेघा, सगळ्या एकाच दिशेने. श्रेणीसाठी पाठवलं ते "साफ केलेलं" असा शेरा घेऊन परत आलं, अंक नाही. ते आज जवळपास सोन्याच्या भावालाच जाईल. फार वाईट वाटलं होतं.

विकायचंच असेल तर आधी पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी पारखून श्रेणी देणाऱ्या अमेरिकी कंपन्यांकडून तपासून घ्या. खऱ्या सोन्यात, बरोबर वजनाची बनावट नाणीही निघालेली आहेत, त्यामुळे सोनाराच्या काट्यावर भागत नाही.

एक गोष्ट आजच बघा. आपल्याकडे नाण्याला कडी लावून गळ्यात घालायची रीत आहे. कडेवरच्या बारीक उभ्या खाचा लिबर्टीच्या डोक्याच्या बाजूला कुठे बुजल्या आहेत का, डाक दिल्याची खूण आहे का? तिथला फोटो टाका, बघून सांगतो.