इंदूरच्या पार्लरमध्ये ब्लू लाइट घेऊन मुलीचे पिंपल्स जातील का?

तुमची मुलगी १७ वर्षांची, गालांवर लाल पुळ्या. मग ताई, पार्लरचं पॅकेज घेण्याआधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. या वयात हार्मोन्समुळे त्वचेत तेल जास्त सुटतं, मृत पेशींनी छिद्रं बुजतात, आत जंतू वाढून सूज येते. ब्लू लाइटमधला साधारण ४१५ नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश त्या जंतूंमधल्या पॉर्फिरिन या प्रकाश शोषणाऱ्या द्रव्याला चेतवतो आणि त्यातून निघणारा क्रियाशील ऑक्सिजन जंतूंनाच मारतो. त्यामुळे लाल पुळ्या कमी होतात, पण नाकावरचे काळे ठिपके सहसा हटत नाहीत. सेशन्स थांबली की पुळ्या परतूही शकतात. अ‍ॅडापलीन, बेंझॉइल पेरॉक्साइड ही पुळ्यांवर लावायची औषधं स्वस्त आणि जास्त भरवशाची, फक्त दोन-तीन महिने धीर हवा. सराफ्यातल्या खाऊगल्लीतली गोड जिलबी थोडी कमी केली तर बरंच. आणि कुणाच्या सांगण्यावरून मेडिकलमधून स्टेरॉइडवालं गोरेपणाचं क्रीम मुळीच आणू नका, त्यानं पुळ्या आणखी उसळतात.